प्रीबायोटिकचा डबा घ्यायचा की लसणाची चटणी वाटायची?

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. मोबाइल उघडला की प्रीबायोटिक पावडरची जाहिरात येते आणि सगळ्यांना तोच प्रश्न पडलाय, घेऊ का नको. म्हणून यावेळी केस गळण्याचे आणि वजनाचे प्रश्न बाजूला ठेवलेत (रागावू नका, पुढच्या अंकात घेते) आणि सगळी जागा पोटाला दिलीय.

प्रश्न: ताई, मुलगा बंगळुरूला असतो, त्याने प्रीबायोटिक फायबरचा डबा पाठवलाय. रोज एक चमचा पाण्यातून घे म्हणतो, इम्युनिटी वाढते म्हणे. बाराशे रुपयांचा डबा आहे हो! आम्ही रोज दही खातोच की, मग हे वेगळं काय? – एक गृहिणी, सांगली

दही वेगळं, हे वेगळं. दह्यात जिवंत बॅक्टेरिया असतात, म्हणजे दही बाहेरून पाहुणे आणतं. प्रीबायोटिक म्हणजे तुमच्या मोठ्या आतड्यात आधीपासून वस्तीला असलेल्या बॅक्टेरियांचं खाणं. आणि ही वस्ती लहानसहान नाही बरं का, एका माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा हिशोब शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलाय आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यातच. त्यांना पण रोज जेवायला लागतं. आपण खाल्लेली साखर, भाताचा स्टार्च, तेल, तूप हे सगळं वरच्या वर लहान आतड्यात शोषून घेतलं जातं, खाली पोचतं ते फक्त आपल्याला न पचणारं, म्हणजे फायबर. ते तोडायची एन्झाइम्स आपल्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत. गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हापासून प्रीबायोटिक हा शब्द चाललाय, त्याआधी सगळ्याला सरसकट चोथा म्हणायचे आणि त्याचं काम एकच, पोट साफ करणं.

आता तुमच्या डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा, चष्मा लावून वाचा. बहुतेक तिथे इन्युलिन किंवा एफओएस (इन्युलिनचंच आखूड साखळीचं भावंड) असं लिहिलेलं असेल. बाजारातलं बरंचसं इन्युलिन चिकोरीच्या मुळापासून काढतात, तीच चिकोरी जी भाजून फिल्टर कॉफीच्या पावडरीत मिसळतात. पण इन्युलिन आणि त्याची भावंडं काही चिकोरीची मक्तेदारी नाही. लसणात ते भरपूर असतं, कांद्यात असतं, गव्हात थोडं असतं, केळ्यात थोडं. मटकी-राजमा-हरभऱ्यात दुसऱ्या जातीचं असतं, रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाचं. पेरू-सफरचंदात पेक्टिन, ओट्स आणि जवात बीटा-ग्लुकन. प्रत्येक जातीचं फायबर वेगवेगळ्या बॅक्टेरियांना आवडतं, आणि माझा त्या डब्यावर आक्षेप आहे तो हाच. डब्यात एकच जात असते. सांगलीच्या साध्या जेवणात, म्हणजे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कच्चा कांदा आणि लसणाची चटणी एवढ्यातच चार-पाच जाती येऊन जातात.

इम्युनिटीचं म्हणाल तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने चिकोरीच्या इन्युलिनला २०१५ मध्ये मान्यता दिली ती एका दाव्यासाठी, की रोज १२ ग्रॅम घेतलं तर शौचाला नियमित होते. इम्युनिटी वाढते असं त्यात कुठेही नाही. आणि १२ ग्रॅम म्हणजे एक चमचा नव्हे, दोन-तीन चमचे.

मुलाने प्रेमाने पाठवलाय तर टाकून देऊ नका, अर्ध्या चमच्याने सुरू करा, पोट बिघडलं नाही तर संपवा. दुसरा मात्र मागवू नका, त्या बाराशेत वर्षभराचा लसूण येईल.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे त्यामुळे नुसतं "इम्युनिटी वाढते" वाचून समाधान होत नाही. आतड्यातल्या चोथ्याचा आणि सर्दी-तापाशी लढण्याचा नेमका संबंध काय? यंत्रणा सांगा. – एक वाचक, नागपूर

सर, तुमच्यासारखे वाचक असले की लिहायला हुरूप येतो. जरा लांबण लागेल.

बॅक्टेरिया फायबर आंबवतात तेव्हा त्यातून तीन मुख्य आम्लं तयार होतात, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा रक्तातल्या साखरेपासून न घेता या ब्युटिरेटपासून घेतात. म्हणजे आपल्याच शरीराचा एक भाग बॅक्टेरियांच्या उष्ट्यावर जगतो असं म्हणा. हे अस्तर किती जाड? फक्त एका पेशीचा थर. अलीकडे कोट्यवधी बॅक्टेरिया, पलीकडे तुमचं रक्त, मध्ये एक पेशी आणि तिच्यावर चिकट श्लेष्माचा म्हणजे म्यूकसचा लेप. म्हणून तर शरीराने आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीलगतच बसवलाय, इथे रात्रंदिवस पहारा लागतो.

आता फायबर मिळालं नाही तर काय होतं बघा. २०१६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला, त्यांना बिनफायबरचं खाणं दिलं तेव्हा आतड्यातले बॅक्टेरिया म्यूकसच खायला लागले. गोठ्यातली वैरण संपली की गुरं छपराचं गवत ओढायला लागतात, तसंच हे. लेप पातळ झाला आणि मग त्या उंदरांना आतड्याचा संसर्ग करणारे जंतू दिले तेव्हा ते फार लवकर आजारी पडले. ही झाली भिंतीची गोष्ट.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्यांची. २०१३ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की ही आम्लं, विशेषतः ब्युटिरेट, रेग्युलेटरी टी पेशी नावाच्या पेशी वाढवायला मदत करतात. या पेशींचं काम मारामारी करणं नाही, मारामारी थांबवणं आहे. म्हणून मला "इम्युनिटी बूस्टर" या शब्दाचा राग येतो, कोविडनंतर तर काढ्यापासून बिस्किटापर्यंत सगळ्यावर तो छापलेला असतो. प्रतिकारशक्ती नुसती वाढत गेली तर ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, संधिवाताचा एक प्रकार असा, सोरायसिस असा. आपल्याला हवी ती शहाणी प्रतिकारशक्ती, जंतू दिसला की तुटून पडणारी आणि शेंगदाण्यासारखं निरुपद्रवी खाणं दिसलं की गप्प बसणारी, आणि फायबरचा उपयोग आहे तो या शहाणपणासाठी.

सर्दी-तापाबद्दल विचारलंत, तर २०१८ मध्ये इन्युलिन खाणारे उंदीर फ्लूच्या संसर्गातून जास्त संख्येने वाचले असं एका अभ्यासात दिसलं. पण ते उंदीर होते सर. माणसांचा पुरावा तितका सरळ नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी माणसांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. निम्म्यांनी भरपूर फायबर खाल्लं, निम्म्यांनी दही-केफिर-किमचीसारखे आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. फायबरवाल्यांमध्ये मात्र विविधता वाढलीच नाही, प्रत्येकाच्या शरीराने वेगवेगळं उत्तर दिलं. कदाचित १० आठवडे कमी पडले, कदाचित ते फायबर खाणारे बॅक्टेरियाच त्या लोकांच्या पोटातून आधीच नाहीसे झाले होते. त्यामुळे भाकरीबरोबर ताक हवंच, एकावर सगळा भार टाकू नका.

तरी खाण्याचा परिणाम किती पटकन होतो त्याचं एक उदाहरण देते. २०१५ मध्ये अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण यांचं जेवण दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केलं. बर्गर सोडून मका आणि कडधान्यं खाणाऱ्या अमेरिकनांच्या पोटात ब्युटिरेट सुमारे अडीच पट झालं आणि आतड्याच्या अस्तरातला दाह उतरला, आणि खेड्यातल्यांचं बरोबर उलटं झालं. पंधरा दिवसांत! हे आतड्याच्या कॅन्सरच्या संदर्भात केलेलं काम होतं, सर्दीच्या नव्हे, पण यंत्रणा तीच.

प्रश्न: मी आयटीमध्ये आहे, वय ३४. रील्स बघून एकदम हेल्दी व्हायचं ठरवलं आणि एकाच आठवड्यात ओट्स, राजमा, सॅलडचा मोठा बाऊल, चिया सीड्स आणि प्रीबायोटिक सॅशे सगळं सुरू केलं. आता पोट असं फुगतं की जीन्सचं बटण लागत नाही, मीटिंगमध्ये आवाज येतात, लाज वाटते. फायबर मला सूट होत नाही असं समजू का? – एक वाचक, ठाणे

अगं एकाच आठवड्यात एवढं सगळं! फायबर सूट होत नाही असं नाही, तुझ्या पोटातल्या मंडळींना वेळच मिळाला नाही. फायबर आंबलं की गॅस होणारच, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहीजणांच्या पोटात मिथेन, तो काही रोग नाही, काम चालू असल्याची खूण आहे. पण कालपर्यंत पाव आणि नूडल्सवर चाललेल्या पोटात एकदम तिप्पट फायबर ओतलं तर गॅस निघण्यापेक्षा जास्त वेगाने तयार होतो.

सगळं थांबव, चार दिवस साधा वरण-भात, ताक, दुधीची भाजी. मग एक-एक गोष्ट परत आण, दर आठवड्याला एकच. पहिल्या आठवड्यात फक्त अर्धी वाटी मुगाची उसळ, पुढच्या आठवड्यात पोळीऐवजी एक भाकरी, मग सॅलड, आणि ते पण मोठा बाऊल नको, काकडी-गाजराच्या चार फोडी पुरे. राजमा सगळ्यात शेवटी. सॅशे तर नकोच. आणि पाणी वाढव, फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर उलट बद्धकोष्ठ होतं.

कडधान्यांची एक युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होतीच. मटकी, राजमा, हरभरे रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं, त्यात शिजवायचं नाही. गॅस करणारं रॅफिनोज पाण्यात उतरतं. मग फडक्यात बांधून मोड आणले की दाणा उगवताना उरलेलं रॅफिनोज स्वतःच वापरतो, म्हणून मोडाची मटकी बिनमोडाच्या हरभऱ्यापेक्षा पोटाला हलकी. इन्स्टंट पॉटमध्ये न भिजवता डायरेक्ट राजमा शिजवायची जी पद्धत आलीय ना, ती तुझ्यासाठी नाही.

हे सगळं करूनही दीड-दोन महिने पोट फुगतच राहिलं, दुखतं आणि शौचाला गेलं की बरं वाटतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, असं असेल तर आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतडं फार हळवं होण्याचा त्रास) असू शकतं. अशा लोकांना नेमके कांदा, लसूण, गहू, राजमा हेच त्रास देतात, म्हणजे मी वर सांगलीच्या ताईंना जे जे खा म्हटलं तेच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने यासाठी लो-फॉडमॅप नावाचा आहार शोधला, त्यात हे पदार्थ काही आठवडे बंद करून मग एकेक परत आणतात आणि कुठला चालतो ते ठरवतात. तो आहारतज्ज्ञांच्या मदतीनेच करायचा आणि कायमचा करायचा नाही, नाहीतर पोटातले चांगले बॅक्टेरियाच उपाशी मरतात. तोवर स्वयंपाकात चव हवी असेल तर लसणाच्या पाकळ्या तेलात तळून लाल झाल्या की काढून टाक आणि त्या तेलात फोडणी कर. त्रास देणारं फ्रुक्टन (इन्युलिन त्याच घराण्यातलं) पाण्यात विरघळतं, तेलात नाही, त्यामुळे वास राहतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. पातळ रश्श्यात पाकळी टाकून मग काढलीस तर मात्र उपयोग नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापर.

आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पोटदुखीने रात्री जाग येत असेल तर हे सदर बाजूला ठेव आणि सरळ डॉक्टरकडे जा.

प्रश्न: आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे सकाळी पेज नाहीतर रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकून खायची पद्धत. मुंबईची सून म्हणते शिळं खाऊ नका, आता नातू मोबाइलवर बघून सांगतो की शिळा भात प्रीबायोटिक असतो. कोणाचं खरं मानू? – एक आजी, जि. रत्नागिरी

आजी, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, भांडण मिटवा.

नातवाचं खरं असं की भात शिजवून थंड केला की त्यातला काही स्टार्च परत घट्ट बांधला जातो आणि मग तो लहान आतड्यात पचत नाही, खाली जाऊन बॅक्टेरियांचं खाणं होतो. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात ताज्या भातात तो शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता, फ्रिजमध्ये २४ तास ठेवून परत गरम केल्यावर १.६५ ग्रॅम झाला. म्हणजे फोडणी दिली तरी तो सगळा मोडत नाही. पण आकडा बघा, दीड ग्रॅम. एक वाटी हुलग्याचं माडगं किंवा कच्च्या केळ्याची भाजी याच्यापेक्षा जास्त देईल. त्यामुळे मधुमेह असेल त्यांनी "शिळा आहे म्हणून चालतो" म्हणत ताटभर फोडणीचा भात खाऊ नये.

सुनेचं खरं असं की भातात बॅसिलस सिरिअस नावाचा एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवून मरत नाहीत. भात रात्रभर टोपात ओट्यावर राहिला, त्यात कोकणातली दमट हवा, की तो वाढतो आणि विष तयार करतो आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. मग उलट्या. म्हणून उरलेला भात परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा. वास आला, चिकट लागला तर गुरांना पण नको.

पेज चालू ठेवा. उकड्या तांदळाची असेल तर उत्तमच, आणि बरोबर लोणच्यापेक्षा कुळथाची पिठी किंवा चवळीची उसळ घ्या.

प्रश्न: हॉस्टेलला आहे, मेसमध्ये बटाटा आणि मैद्याची पोळी. गॅस ठेवायला परवानगी नाही. काय करू? – एक विद्यार्थी, पुणे

रोज एक पेरू, सालासकट आणि बियांसकट. शंभर ग्रॅम पेरूत साडेआठ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, तेवढ्याच सफरचंदात जेमतेम अडीच आणि किंमत बघ. पेरू नसेल त्या दिवशी सालीसकट फुटाणे एक मूठ (डाळं नको, साल तिथेच निघून गेलेली असते). मेसमध्ये कांदा फुकट मिळतो, बुक्की मारून घेत जा. बास, एवढं कर.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे. दूध पुरत नाही असं वाटून फॉर्म्युलाचा डबा आणलाय, त्यावर "प्रीबायोटिकयुक्त" लिहिलंय. सासूबाई म्हणतात अंगावरचंच पाज. अंगावरच्या दुधात प्रीबायोटिक असतं का? आणि बाळाला वेगळे थेंब मिळतात ते देऊ का? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

सासूबाईंच्या बाजूने शास्त्र आहे! आईच्या दुधात पाणी सोडलं तर लॅक्टोज पहिलं, स्निग्धांश दुसरा आणि तिसऱ्या नंबरवर आहेत ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या छोट्या साखळ्या, त्यांचे शेकडो प्रकार. गंमत अशी की ते बाळाला पचतच नाहीत. आईचं शरीर इतकी मेहनत करून बाळाला न पचणारं काहीतरी बनवतं, कशासाठी? तर बाळाच्या पोटातल्या बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या बॅक्टेरियांसाठी. ते वाढले की आतड्यात आम्लता येते आणि जुलाब करणाऱ्या जंतूंना तिथे टिकाव धरता येत नाही. डब्यातल्या पावडरीत जीओएस-एफओएस (अशाच छोट्या साखळ्या) घालतात ती याचीच नक्कल, पण दोन-तीन प्रकारांची. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्यामुळे डब्यावरच्या गोड शब्दांना भुलू नका.

दूध खरंच पुरत नाही का ते आधी तपासून घ्या, बाळाचं वजन वाढतंय का, दिवसातून सहा-सात वेळा शू होते का. या दोन्हीचं उत्तर हो असेल तर बहुतेक पुरतंय. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांनी सांगितलं म्हणून वरचं दूध द्यावं लागलं तर मनाला लावून घेऊ नका.

थेंबांबद्दल. यावर आपल्याच देशात एक फार मोठा अभ्यास झालाय. ओडिशाच्या खेड्यांमधल्या ४,५५६ नवजात बाळांवर तो केला, २०१७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना पहिल्या आठवड्यात सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलसची एक निवडक जात आणि तिचं खाणं म्हणून एफओएस असं एकत्र दिलं. पहिल्या दोन महिन्यांत रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण हे न मिळालेल्या गटात ९ टक्के होतं ते मिळालेल्या गटात ५.४ टक्क्यांवर आलं, श्वसनाचे संसर्गही कमी झाले. प्रतिकारशक्तीबद्दल इतका ठोस मानवी पुरावा फार कमी ठिकाणी मिळतो. पण ती विशिष्ट जात होती, नीट वाढलेली, अंगावर दूध पिणारी बाळं होती आणि देखरेख होती. दुकानातल्या कुठल्याही थेंबांना तो निकाल लावता येत नाही, आणि तुमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. स्वतःच्या मनाने देऊ नका. सहा महिने झाले की नाचणीची खीर, मऊ भात-वरण, कुस्करलेलं केळं सुरू करा, त्यात बाळाला हवं तेवढं आपोआप येईल.

प्रश्न: मला ११ वर्षांपासून शुगर आहे, वय ५८. डॉक्टर म्हणतात फायबर वाढवा. पण किती म्हणजे पुरेसं, आणि ते मोजायचं कसं? दोन वेळा भाकरीच खातो. – एक शेतकरी, जि. लातूर

दादा, जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला रोज कमीत कमी २५ ग्रॅम, आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब २००० कॅलरीला ३० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या ताटावर मांडून दाखवते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. दिवसभरात मध्यम तीन भाकरी म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ धरा, १५ ग्रॅम झाले. एक वाटी मटकीची उसळ, कोरडी मटकी ४० ग्रॅम धरली तर ६. गवार किंवा शेवग्याच्या शेंगा शंभर ग्रॅम, ५ च्या आसपास. एक लहान पेरू धरला तर तिशी पार. म्हणजे लातूरचा माणूस नीट जेवला तर त्याला पावडरची काहीही गरज नाही.

पण अट आहे, पीठ बारीक चाळून कोंडा काढू नका, आणि भाकरीबरोबर नुसतं पिठलं किंवा ठेचा असं करू नका. बहुतेक घरी मला हेच दिसतं, भाकरी आहे पण उसळ आठवड्यातून एकदा आणि भाजी दोन चमचे. शुगरसाठी फायदा दोन बाजूंनी होतो. एक तर साखर रक्तात हळूहळू उतरते. दुसरं, मघाशी नागपूरच्या सरांना सांगितली ती आम्लं आतड्यातल्या पेशींना जीएलपी-१ नावाचं, साखर आणि भूक आवरणारं हार्मोन सोडायला लावतात, ज्याची नक्कल करणारी महागडी इंजेक्शनं सध्या गाजतायत. इंजेक्शनइतका परिणाम होत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. जेवण बदललं की पहिले काही आठवडे शुगर जास्त वेळा तपासा, गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. किडनीचा त्रास सुरू झाला असेल तर कडधान्यं किती खायची ते आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: न्यू जर्सीला राहतो. इथे प्रीबायोटिक सोडा खूप चाललाय, मुलं कोकऐवजी तोच पितात. चांगलंच आहे ना? – एक वाचक

कोकपेक्षा बरा, साखर कमी असते. पण त्याला औषध समजू नका. त्या धंद्यात पैसा किती आहे बघा, पेप्सिकोने २०२५ मध्ये पॉपी ही त्यातली कंपनी जवळजवळ दोन अब्ज डॉलरला घेतली, आणि पॉपीच्या एका कॅनमध्ये तेव्हा फायबर किती होतं, तर २ ग्रॅम. दुसऱ्या काही कंपन्या जास्त घालतात, पण मग ते एकाच वेळी पोटात गेल्यावर मुलांचं पोट दुखतं. तुमच्याकडे पटेल ब्रदर्समध्ये मटकी आणि ज्वारीचं पीठ दोन्ही मिळतं. मुलांना भाकरी नको असेल तर टॅको मध्ये राजमा भरा, हमस खातात ना, ते हरभऱ्याचंच. सोडा पार्टीला ठेवा.

प्रश्न: रोज रात्री इसबगोल घेतो, हे पण प्रीबायोटिकच ना? – एक वाचक, कोल्हापूर

फारसं नाही. इसबगोल पाणी धरून जेलीसारखा फुगतो आणि मळ मऊ करतो, कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो, पण बॅक्टेरियांना तो फार कमी आंबवता येतो, आणि म्हणूनच त्याने गॅसही फारसा धरत नाही. पोट साफ होण्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, फक्त उसळ-भाजीच्या जागी धरू नका. मोठा ग्लासभर पाण्याबरोबरच घ्या, कोरडा गिळला तर घशात अडकतो, आणि थायरॉइडची किंवा दुसरी कुठली गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा.